मराठी संशोधनाचीं साधनें : खिळ्यापासून संगणकापर्यंत

परळहून दादरकडे येतांना हिंदमाता हा चौक लागतो. एके काळच्या चित्रपटगृहावरून त्याला हें नांव पडलें. मुंबईकरांच्या मनांत तें नांव दोन गोष्टींशीं जोडलेलें आहे : एक कापडाचीं दुकानें आणि दुसरी पावसाळ्यांत तुंबणारें पाणी. भोंवतालची जमीन खोलगट असल्यामुळें जोराची सर कांहीं वेळ टिकली, कीं चौक जलमय होतो. येथून थोडक्याच अंतरावर, दादरच्या पूर्वेस, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १ ऑगस्ट १८९८ रोजीं स्थापन झालेल्या या संस्थेच्या कपाटांत एकोणिसाव्या शतकांतील मराठी पुस्तकें व नियतकालिकें जपून ठेविलेलीं आहेत. मुंबईची दमट हवा, कसर आणि खुद्द कागदांतील आम्ल या तिघांचा असल्या जुन्या छापील ऐवजावर नित्य मारा चालू असतो. चौकांतील पाणी कांहीं प्रहरांनीं ओसरतें. हा मारा ओसरत नाहीं.

समजा, विद्यापीठांत इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीस असा प्रश्न पडला कीं, गिरण्यांतील कामगारांनीं काम बंद ठेवण्याच्या कृतीस 'संप' हा शब्द मराठी वृत्तपत्रांत केव्हां रूढ झाला? प्रश्न लहान, परंतु त्याच्या पोटांत परळ-लालबागचा सारा सामाजिक इतिहास आहे. मुंबईंतील पहिल्या कापडगिरणीचा उद्योग कावसजी दावर यांनीं १८५४ मध्यें आरंभिला. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८० पासून 'दीनबंधु' पत्र मुंबईंतून चालविलें आणि गिरणीकामगारांच्या गाऱ्हाण्यांस त्यांत जागा दिली. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर त्या काळच्या कोणत्या तरी छापील ओळींत आहे, यांत शंका नाहीं. परंतु ओळ छापलेली असणें ही एक गोष्ट, आणि हवी तेव्हां ती सांपडणें ही दुसरी. पहिलीपासून दुसरीपर्यंत पोंचण्यासाठीं मनुष्यानें जीं साधनें निर्माण केलीं, त्यांचाच हा इतिहास आहे. आणि त्यांत मराठी अक्षराला पुनः पुन्हां एकाच अडचणींतून जावें लागलें आहे.

ती अडचण प्रथम गोव्यांत दिसली. १५५६ मध्यें तेथें छापखाना आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' हें ओवीबद्ध मराठी काव्य १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. परंतु देवनागरीचे खिळे जवळ नसल्यामुळें तें रोमन अक्षरांत छापावें लागलें. भाषा मराठी, छंद ओवीचा, वस्त्र मात्र परकें, असा तो ग्रंथ बाहेर पडला. आज दूरध्वनीच्या लहानशा पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी निरोप लिहिणाऱ्या तरुणांस हा प्रकार अगदीं नवा वाटत असेल; वस्तुतः तो चारशें वर्षांचा जुना आहे. यंत्राच्या पोटांत जें अक्षर नसतें, तें लेखकाच्या मनांत असूनहि कागदावर उमटत नाहीं, हा पहिला धडा मराठीनें तेथें घेतला.

पुढें १८०५ मध्यें विल्यम कॅरे यांचें मराठीचें व्याकरण बंगालमधील श्रीरामपूर येथें देवनागरी खिळ्यांनीं छापलें गेलें, आणि १८१० मध्यें त्यांचा कोश मोडी लिपींत निघाला. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं निराळी वाट धरिली. सफाईदार खिळे हातीं नाहींत, तर हातानें लिहिलेलें अक्षरच दगडावर उतरवून छापावें, अशी शिळाछापाची युक्ति त्यांनीं योजिली आणि १८३१ मध्यें मराठी पंचांग छापून काढिलें. नंतर जावजी दादाजी या कारागिरानें अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत धंदा शिकून १८६४ मध्यें स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढिला, आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना उभारिला. राणोजी रावजी आरू यांच्या हातचें अक्षर-कोरकाम त्यांना लाभलें. काळबादेवीकडील या छापखान्याचें नांव संस्कृत-मराठी ग्रंथांच्या स्वच्छ छपाईमुळें देशभर झालें.

हें काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. इंग्रजी जुळणी करणाऱ्यास सव्वीस अक्षरें, त्यांचीं लहानमोठीं रूपें, अंक व विरामचिन्हें एवढ्यावर भागतें. देवनागरींत मात्रा वर चढते, उकार खालीं लोंबतो, इकार अक्षराच्या आधीं येऊन बसतो, आणि जोडाक्षरांची तर गणतीच करावी लागते. म्हणून देवनागरीच्या खिळेपेटींत घरांची संख्या कित्येक शतांवर जात असे. एकेक खिळा उचलून ओळ जुळविणाऱ्या त्या अज्ञात जुळाऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकाचें मराठी वाङ्मय हातांवेगळें केलें. तथापि छापलेलें पुस्तक हजार घरीं गेलें, तरी त्यांतील विशिष्ट शब्द कोणत्या पानावर आहे, हें सांगण्याचें सामर्थ्य छापखान्यांत नव्हतें. तें काम पंडितांच्या डोळ्यांकडे व बोटांकडेच राहिलें.

त्या डोळ्यांनीं व बोटांनीं काय केलें, याचें सर्वांत थोर उदाहरण पुण्यास आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ मध्यें महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक झालेले डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर हे मुंबईंत जन्मलेले आणि केंब्रिजला गणित शिकलेले गृहस्थ. गणिती मनुष्याची शिस्त त्यांनीं पोथ्यांना लाविली. कागदाच्या माथ्यावर श्लोक लिहावयाचा, आणि त्याखालीं एकेका पोथींतील पाठभेद ज्या त्या अक्षराखालीं मांडीत जावयाचें, अशी ती रीत. देशाच्या सर्व कोपऱ्यांतून आलेल्या १,२५९ पोथ्या या कामीं पाहिल्या गेल्या. सुखठणकर १९४३ मध्यें निवर्तले. काम पुढें डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं नेलें, आणि सप्टेंबर १९६६ मध्यें तें राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या उपस्थितींत पूर्णत्वास गेल्याचें जाहीर झालें. सत्तेचाळीस वर्षांचा हा यज्ञ केवळ कागद, शाई आणि धीर यांवर चालला.

अशाच धीराचीं आणखी दोन उदाहरणें मराठीच्या अंगणांतलीं आहेत. शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंत छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची सूचि तयार करून १९४३ मध्यें प्रसिद्ध केली. १९५० पर्यंतचा दुसरा भाग १९६१ मध्यें निघाला. ग्रंथालयोग्रंथालयीं फिरून, एकेक पुस्तक हातीं धरून, त्याची नोंद करावयाची, हा तो उद्योग. दुसरें उदाहरण अनंत काकबा प्रियोळकर यांचें. गोव्याच्या प्रियोळ गांवचा हा विद्वान् मुंबईच्या नगरपालिकेंत नोकरी करून संशोधन करीत होता. रघुनाथ पंडिताच्या 'दमयंती स्वयंवरा'ची त्यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति १९३५ मध्यें निघाली. १९४८ मध्यें ग्रंथसंग्रहालयाच्या छत्राखालीं मराठी संशोधन मंडळ निघालें, तेव्हां त्याची धुरा त्यांजकडेच आली. पाठभेद टिपणें, सूचि करणें, जुनें पुस्तक हुडकून काढणें, हीच त्यांचीं हत्यारें.

याच सुमारास, १९४९ मध्यें, इटलीच्या रोबेर्तो बुसा नांवाच्या एका जेझुइट पाद्र्यास अशीच एक चिंता लागली होती. संत थॉमस अक्विनस याच्या अफाट लॅटिन ग्रंथसंभारांतील प्रत्येक शब्द कोठें कोठें आला आहे, याची अनुक्रमणी त्यास हवी होती. आणि तें काम हातानें करण्यास एक आयुष्य पुरणार नाहीं, हें त्यास उमगलें होतें. त्यानें न्यूयॉर्कला जाऊन आय. बी. एम. या हिशेबयंत्रांच्या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांची भेट घेतली. दुकानांचे व कचेऱ्यांचे हिशेब करणारीं यंत्रें भोकें पाडलेल्या पत्त्यांवर शब्द मोजूं लागलीं. तरीहि छापील अनुक्रमणीचे छपन्न खंड निघावयास १९७४ ते १९८० पर्यंतचा काळ लागला. यंत्र आलें म्हणून श्रम संपले नाहींत. श्रमांचें रूप तेवढें पालटलें. वाचणें, तपासणें, चूक हुडकणें हें माणसाकडेच राहिलें.

मुंबईंत हें वारें कुलाब्याकडून आलें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्यें रीतसर कामास लागला. त्याचा हेतु शास्त्रीय गणितें करण्याचा होता. परंतु पुढील दशकांत याच संस्थेच्या संगणकाच्या साह्यानें एक निराळेंच काम झालें. मद्रासकडील सनदी अधिकारी व लिपितज्ज्ञ इरावतम् महादेवन् यांनीं सिंधु संस्कृतींतील मुद्रांवरचे लेख गोळा केले होते. प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिला, लेख क्रमांकांच्या मालिकांच्या रूपांत यंत्रांत घातले, आणि कोणतें चिन्ह कोणत्या चिन्हाच्या मागें वा पुढें किती वेळां येतें, याचे तक्ते यंत्राकडून करून घेतले. १९७७ मध्यें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानें तो ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत २,९०६ लेख व ४१७ चिन्हें यांची नोंद आहे.

त्या लिपीचें सर्वमान्य वाचन अद्यापि झालेलें नाहीं. मग यंत्रानें काय साधलें, असें कोणी विचारील. साधलें तें हें कीं, अमुक चिन्ह बहुधा लेखाच्या शेवटीं येतें, अमुक दोन चिन्हें जोडीनें येतात, हें आतां कोणाच्या आठवणीवर वा लहरीवर राहिलें नाहीं. नवा तर्क मांडणाऱ्यास तो त्या तक्त्यांवर घांसून पहावा लागतो. यंत्रानें लिपि वाचली नाहीं. परंतु मनाला येईल तसें वाचणाऱ्यांस त्यानें आवर घातला. संशोधनांत ही सेवा लहान नव्हे.

यांत एक चमत्कारिक गोष्ट दडलेली आहे. चार हजार वर्षांपूर्वींच्या, कोणासहि न वाचतां येणाऱ्या चिन्हांना मुंबईच्या संगणकांत क्रमांक मिळाले. पण त्याच मुंबईंत रोज लाखों लोक वाचीत असलेल्या मराठी अक्षरांना सर्वमान्य क्रमांक मिळावयाचे अजून बाकी होते. संगणकाच्या पोटांत अक्षर म्हणून कांहीं नसतें. असतो तो अंक. कोणत्या अंकानें कोणतें अक्षर समजावयाचें, याविषयीं सर्वांचें एकमत असेल, तरच एकानें लिहिलेलें दुसऱ्यास वाचतां येतें. देवनागरीसाठीं ही व्यवस्था कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें आकारास येऊं लागली, १९८८ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकमध्यें ती वाढली, आणि १९९१ मध्यें तिला 'इस्की' या नांवानें राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांना एका पंक्तींत बसविणाऱ्या 'युनिकोड' या व्यवस्थेची पहिली आवृत्ति निघाली. तिनें देवनागरीला १२८ जागा दिल्या, आणि त्यांची मांडणी भारतीय मानकावरूनच घेतली.

मानक ठरलें, परंतु तें घरोघर पोंचावयास आणखी पुष्कळ वर्षें गेलीं. मधल्या काळांत छपाईसाठीं मराठीचे जे संगणकी टंक निघाले, त्यांतील प्रत्येकाची अंकव्यवस्था निराळी. एका कचेरींत जुळविलेलें पुस्तक दुसऱ्या कचेरींत उघडलें, तर मराठीच्या जागीं रोमन चिन्हांचा गोंधळ दिसावा, असा तो मामला. कागदावर उत्तम छापलेलीं, पण संगणकांत मुकीं, अशीं असंख्य मराठी पुस्तकें त्या काळांत निपजलीं. ख्रिस्तपुराणाच्या वेळचीच अडचण नव्या वेषांत आली होती.

तिच्यांतून वाट काढणाऱ्यांत प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी यांचें नांव आदरानें घ्यावें लागतें. सुलेखनांत रमलेले हे कलावंत पवईच्या आय. आय. टी.मध्यें शिकवीत, आणि पुढें जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रांत भारतीय लिप्यांच्या अक्षररूपांवर काम करीत. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संगणकांतून जगभर गेलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्याच हातचा. २००८ मध्यें ते वारले. बोरूचें वळण जाणणारा मनुष्य यंत्राच्या अक्षरास लाभला, हें मराठीचें भाग्यच होय.

मराठीच्या कांहीं खास गरजा मात्र मागेंच राहिल्या होत्या. 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल जागा. पहिल्यांत रफार, दुसऱ्यांत अर्धा र. हा अर्धा र यंत्रांत कसा उमटवावा हें न कळल्यामुळें कित्येकांनीं वर्षानुवर्षें नुसती आडवी रेघ देऊन पुढें 'या' लिहिला. वाचणाऱ्यास तें समजलें; शोधणाऱ्या यंत्रास मात्र तो शब्दच राहिला नाहीं. इंग्रजी शब्दांतील विवृत उच्चारासाठीं मराठी लिहिते तें 'ॲ' हें अक्षर तर युनिकोडमध्यें २००८ मध्यें आलें, आणि मोडी लिपीस स्वतंत्र जागा २०१४ मध्यें मिळाली. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील मोडी रुमाल डोळ्यांपुढें आणिले, म्हणजे या शेवटच्या गोष्टीचें मोल ध्यानांत येतें. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं त्या दफ्तरांतून निवडून १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस भाग छापविले. न छापलेला भाग त्याहून कितीतरी मोठा आहे.

अक्षराला अंक मिळाला म्हणजे काय होतें, याचीं दोन फळें आज अभ्यासकांच्या हातीं आहेत. क्योटो विद्यापीठाचे प्रा. मुनेओ तोकुनागा यांनीं भांडारकर संस्थेच्या महाभारताची संहिता संगणकांत उतरविली. केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनीं ती तपासून शुद्ध केली. एखादा शब्द भारतांत कोठें कोठें आला, हें आतां क्षणांत कळतें. परंतु तो क्षण विकत घेतला आहे सत्तेचाळीस वर्षांच्या पाठचिकित्सेनें. ती झाली नसती, तर यंत्रानें चुकीचे पाठ तितक्याच चपळाईनें शोधून दिले असते. दुसरें फळ मोल्सवर्थच्या कोशाचें. त्याची दुसरी आवृत्ति १८५७ मध्यें, म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन झालें त्याच वर्षीं, भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यांत छापली गेली. आज शिकागो विद्यापीठानें तो कोश शोधतां येण्याजोग्या रूपांत सर्वांस खुला केला आहे. 'संप' शब्दाच्या मागावर निघालेल्या त्या विद्यार्थिनीस १८५७ मध्यें त्या शब्दाचे कोणते अर्थ नोंदलेले होते, हें घरबसल्या पहातां येतें. आणि वर्गांत शिक्षकास तो शब्द पडद्यावर दाखवून अर्थ कसा सरकतो याची चर्चा करतां येते.

मात्र वृत्तपत्रांकडे ती वळली, कीं वाट अडते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनें 'ग्रंथ संजीवनी' या उपक्रमांत जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती उपलब्ध केल्या आहेत. राज्य मराठी विकास संस्थेनेंहि दुर्मिळ मराठी ग्रंथांचें व नियतकालिकांचें असें काम केलें आहे. हीं कामें मोलाचीं आहेत, कारण कागद गेला तरी पान उरतें. परंतु छायाप्रत हें पानाचें चित्र होय. चित्रांतील अक्षर यंत्राला अक्षर म्हणून दिसत नाहीं. चित्रावरून अक्षर ओळखणारीं यंत्रें आतां आहेत आणि तीं स्वच्छ नव्या छपाईवर चांगलीं चालतात; परंतु शिळाछापाचें हस्तलिखित वळण, झिजलेल्या खिळ्यांची तुटकी मात्रा, पानापलीकडून उमटलेली शाई यांपुढें तीं अडखळतात.

त्याहून सूक्ष्म अडचण खुद्द मराठीच्या लेखनाची आहे. मराठी साहित्य महामंडळानें १९६२ मध्यें शुद्धलेखनाचे नवे नियम केले, तेव्हां व्युत्पत्तीनें आलेले अनुच्चारित अनुस्वार गळाले. 'नाहीं'चें 'नाही' झालें, 'केलें'चें 'केले' झालें. शिकणाऱ्यांचा भार हलका झाला, हें खरें. परंतु आजच्या वळणानें शब्द शोधणाऱ्यास १९६२ पूर्वींचें निम्में वाङ्मय त्या एका टिंबामुळें डोळ्यांआड रहातें. हीं दोन्ही रूपें एकच होत, हें यंत्राला कोणी तरी शिकवावें लागतें. आणि तें शिकविणारा मनुष्य संगणकशास्त्रज्ञ असून भागत नाहीं, त्यास मराठी व्याकरणाची ओळख असावी लागते. विद्यापीठांतील मराठीच्या व इतिहासाच्या विभागांस यंत्रशाळेशीं सोयरीक करावयाची असेल, तर ती येथेंच जुळते. यंत्र चालविणें शिकण्यापेक्षांहि यंत्राला मराठी शिकविणें हें तेथील विद्यार्थ्यांचें खरें शिक्षण ठरेल.

कॅरे, जावजी, सुखठणकर, दाते, प्रियोळकर, महादेवन्, जोशी या मालिकेंत प्रत्येकाचें साधन निराळें, परंतु कष्ट एकाच जातीचे आहेत : अक्षर नीट पहावें, नीट मांडावें, आणि मागून येणाऱ्यास तें सांपडेल असें ठेवावें. हे कष्ट आज केवळ पंडितांपुरते उरलेले नाहींत. विकिस्रोतासारख्या ठिकाणीं हौशी वाचक जुन्या मराठी पुस्तकांचीं पानें चित्राशीं ताडून शुद्ध करीत असतात. रोज एक पान तपासणारी निवृत्त शिक्षिकाहि तेथें जुळाऱ्याचेंच काम पुढें नेते. घराच्या माळ्यावर पडलेले जुने मासिकांचे अंक रद्दींत न घालतां ग्रंथसंग्रहालयाकडे चौकशी करणें, एवढें तर कोणाहि कुटुंबास साधेल.

'संप' शब्दाच्या शोधांत निघालेल्या विद्यार्थिनीस आज तरी दादरला जाऊन, जुनें बाड उघडून, एकेक पान उलटावेंच लागेल. तिनें तें अवश्य करावें. त्या उलटण्यांत जें अवांतर दृष्टीस पडतें, तें कोणतेंहि यंत्र देत नाहीं. परंतु तिच्या नंतर येणाऱ्यास तेंच पान पुन्हां पहिल्यापासून शोधावें लागूं नये, इतकी सोय तिनें करून ठेवावी. कागदाला फार वर्षें उरलेलीं नाहींत, आणि हिंदमात्याला दर सालीं पावसाळा यावयाचाच आहे.